शेरा : सोय आहे

माझा मामा गेली एकतीस वर्षं पाण्याचे मीटर वाचतो आहे. आमच्या जुन्या शहराचे दोन वॉर्ड त्याच्याकडे आहेत, दगडी वेशीपासून नदीच्या अलीकडच्या काठापर्यंत. एवढ्या भागात त्याचं पाऊल पडलं नाही असं घर नाही. पण अमक्याच्या घराला रंग कोणता, असं विचारलं तर त्याला सांगता येणार नाही. तो घरात शिरतो तोच खाली बघत. मीटर कधी डोळ्यांच्या उंचीवर नसतो. तो जिन्याखाली असतो, न्हाणीघरामागे असतो, अंगणातल्या लोखंडी झाकणाखाली असतो. वाकायचं, फडक्याने काच पुसायची, बॅटरी मारायची, आकडा घ्यायचा. वर बघायच्या आत पुढचं घर येतं.

आकड्यापुढे एक रकाना असतो, शेऱ्याचा. मीटर फुटला असेल किंवा घराला कुलूप असेल तर तिथे लिहायचं. बाकीचे लोक तो रकाना कोरा सोडतात. मामाने तो कधी कोरा सोडला नाही. पूर्वी कागदी वही होती तेव्हा तो तिथे ओळीच्या ओळी लिहायचा. 'मीटर जिन्याखाली, डोकं सांभाळावं. घरातल्या बाईंना कमी ऐकू येतं. बेल दोनदा वाजवावी आणि मग थांबावं, त्यांना उठायला वेळ लागतो.'

"उद्या मी आजारी पडलो आणि दुसरा कोणी आला, तर त्याला कळायला नको?" असं तो म्हणायचा. एकतीस वर्षांत मामा दोनदा आजारी पडला, तोही सुट्टीच्या दिवशी.

मग खात्याने हातात धरायचं यंत्र दिलं. त्यात शेऱ्यासाठी बारा अक्षरांची जागा होती, आणि तो शेरा पावतीवरही छापून यायचा. मामा दोन दिवस कोणाशी धड बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःची लिपी काढली. 'डो. सां.' म्हणजे डोकं सांभाळा. 'बे. दोनदा' म्हणजे बेल दोनदा. 'कु.' म्हणजे कुत्रा, आणि त्यापुढे त्याचा स्वभाव. कु. भुंकतो, कु. चावरा, कु. नुसता बघतो. एक शेरा होता 'म्हा. ए.', म्हणजे म्हातारी एकटी. पाणीखात्याला त्याचा काही उपयोग नव्हता. तरी साहेबांनी तो खोडायला कधी सांगितलं नाही.

मामाला एकच मुलगी, माझी ताई. ती औषधाच्या दुकानात काम करते. पांढरा कोट घालून काउंटरमागे उभी राहते आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या अशा सहज वाचते की समोरचा माणूस निम्मा तिथेच बरा होतो. तिचं लग्न ठरलं ते दुसऱ्या गावच्या मुलाशी. त्याचे आईवडील तो लहान असतानाच गेलेले, आजीनेच त्याला वाढवलेलं. लग्न साधंच करायचं होतं, ग्रंथालयाच्या वरच्या सभागृहात सह्या आणि मग जेवण. पण आजी आणि त्यांच्याकडची आणखी बत्तीस माणसं एक दिवस आधी येणार होती. शहर नावाजलेलं, बाजार गजबजलेला, राजवाडा, मनोरा. आलोच आहोत तर बघून घेऊ, असं प्रत्येकाचं म्हणणं.

"बाबा, पाहुण्यांसाठी एक पानभर लिहून द्या," ताई म्हणाली. "तुम्हाला शहर पाठ आहे."

मामाने तीन संध्याकाळी बसून ते पान लिहिलं. चौथ्या दिवशी ताईने ते वाचलं, आणि वाचता वाचता खुर्चीत बसली.

"बाबा, हे काय आहे?"

"का? सुवाच्य आहे की."

"'वेशीजवळ संडास आहे पण जाऊ नये. ग्रंथालयातला चांगला, पहारेकऱ्याला नमस्कार करावा. बाजारात छत्रीवाल्याच्या शेजारी नळ, पाणी गार.' लग्नाच्या पाहुण्यांना मी संडासांची यादी देऊ?"

"नुसती संडासांची नाही. बाकं पण आहेत बघ खाली. सावली किती वाजेपर्यंत, तेही लिहिलंय."

"राजवाडा कुठाय यात?"

"राजवाडा दिसेलच की त्यांना. एवढा मोठा आहे."

"आणि मनोरा?"

"मनोऱ्याला दोनशे अकरा पायऱ्या आहेत आणि वर बसायला काही नाही. तो कशाला बघायचा?"

मामी आतून म्हणाली, "अहो, लग्नाला येतायत ती माणसं. पोट बिघडलंय म्हणून नाही येत."

मामा ओशाळला. तो दिवसभर रस्त्यावर असणारा माणूस. अशा माणसाला शहराचा इतिहास फार नंतर कळतो, आधी वाकून शिरायची दारं कळतात. पण हे त्याला बोलून दाखवता आलं नाही. त्याने कागदाची घडी घातली आणि खणात ठेवली. ताईने स्वतःच दुसरं पान लिहिलं. राजवाडा, मनोरा, संग्रहालय, बाजाराची वेळ, फोटो काढायला चांगल्या तीन जागा. पान फार छान दिसत होतं. पाहुण्यांच्या ग्रुपवर त्याला खूप अंगठे आले.

लग्नाला तीन आठवडे राहिले असताना तिच्या होणाऱ्या नवऱ्याचा फोन आला. ताई बोलत बोलत खिडकीपाशी गेली. नंतर नुसतीच ऐकत राहिली.

"आजी येत नाही म्हणते," फोन ठेवून ती म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणते. मी फोटोतच बघेन म्हणते. त्याने चाकाच्या खुर्चीचं विचारलं तर चिडली. म्हणाली, मला ढकलत नेऊन माझी शोभा करू नका." मग म्हणाली, "तो तारीख पुढे ढकलू या का विचारत होता. तारीख ढकलून गुडघे कसे बरे होतील? पण तिच्याशिवाय त्याचं तिथे आहे कोण? मी सही करायची आणि त्याने दाराकडे बघत बसायचं, असं नको आहे मला."

मामी म्हणाली, "म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. येतील शेवटच्या दिवशी."

मामा जेवताना दोनदा म्हणाला, "गुडघे नव्हेत."

"मग काय?"

"आपण त्यांना भेटलो ना, मधल्या गावातल्या त्या हॉटेलात? दोन तास गाडीतून आल्या होत्या त्या. चहा मागवला तर नको. पाणी नको. चहावर साय धरली तरी हात लावला नाही. मग हळूच त्या वाढणाऱ्याला काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली, इकडे नाही म्हणून. त्यानंतर आजी एक अक्षर बोलल्या नाहीत. तुम्ही म्हणालात, बाई जरा घमेंडी दिसतात."

"मी नाही म्हणाले, तूच म्हणालीस," मामी ताईला म्हणाली.

"माणूस घराबाहेर पडायच्या दिवशी सकाळपासून कोरडा राहतो, तो कशाला? मी रोज बघतो अशी माणसं. या बाजूला सगळ्या गल्ल्या. गाडी आत येत नाही. पाहुण्यांच्या लॉजपासून सभागृहापर्यंत त्यांच्या चालीने अर्धा तास. तेवढ्यात लागली तर कोणाला विचारणार? जावयांना सांगणार? बत्तीस जणांत सांगणार?"

ताईच्या हातातला घास तसाच राहिला. मग ती उठली, हात धुतले, आणि खणातून तो घडी घातलेला कागद काढून मामापुढे ठेवला.

"फक्त त्यांच्यासाठी करा," ती म्हणाली. "आणि तो शब्द नको, बाबा."

"मग काय लिहू?"

"सोय लिहा," मामी म्हणाली. "सोय आहे. कळणाऱ्याला कळतं."

पुढच्या रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडला. सार्वजनिक जागांवर त्याचा विश्वास नव्हता. लग्नाच्या दिवशी नेमकं कुलूप असायचं. त्याने वाटेवरची तीन घरं निवडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या कामासाठी लोकांच्या बेला वाजवल्या. शिंपी दार उघडून म्हणाला, "काका, परवाच तर आकडा नेलात! इतकं पाणी नाही पीत हो आम्ही." मामाने घसा खाकरला. लग्न आहे, एक आजी येतील, मुलाकडच्या आहेत, वय झालंय, तर म्हणजे जरा… शिंप्याला काही उमगेना. शेवटी त्याची बायको मागून म्हणाली, "अहो, येऊ दे ना त्यांना. एवढं काय विचारायचं?" तिन्ही घरी थोड्याफार फरकाने असंच झालं. एकतीस वर्षं दुसऱ्याच्या दारात उभा राहिलेला माणूस, पण हातात यंत्र नाही म्हटल्यावर त्याची जीभ टाळूला चिकटत होती.

मग त्याने कागद लिहिला. दारापासून दारापर्यंत. किती पायऱ्या, कोणती उंच, कठडा कुठल्या हाताला, बाकावर सावली कधी. यंत्राची सवय हातात भिनलेली, त्यामुळे सगळं तोडून तोडून. ताईने तो दुपारी दुकानात नेला, गिऱ्हाईक नसताना मोठ्या अक्षरात टाइप करायला. "मी समजावून सांगतो," मामा म्हणाला, तर ती हसली. "बाबा, मी डॉक्टरांचं अक्षर वाचते. तुमचं नाही वाचता येणार?"

आणि वाचलं तिने बरोबर. 'डो. सां.'चं 'डोकं सांभाळा' केलं, 'बे. दोनदा'चं 'बेल दोनदा वाजवा' केलं. घर नंबर चौदा, म्हणजे पुस्तकांचं बाइंडिंग करणाऱ्या बाईंचं घर, त्याच्यापुढे मामाने लिहिलं होतं, 'बाइंडिंग. पायऱ्या दोन, दुसरी उंच. सोय आत, डावीकडे. कडी लागते. कु. शांत.' ताईला वाटलं, घाईत एक काना राहिला. तिने तो दिला. नुसतं नाव लिहिलेलं बरं दिसेना, म्हणून पुढे सौजन्याचे दोन शब्दही घातले. 'कु. शांता यांना भेटावे.' तेवढ्यात कोणीतरी खोकल्याचं औषध मागायला आलं, आणि कागद तसाच पाकिटात जाऊन टपालाने आजींकडे निघाला.

आठ दिवसांनी दुपारी फोन वाजला. मामी म्हणाली, "आजी आहेत. तुमच्याशीच बोलायचंय."

"बोला आजी."

"व्याहीबुवा, कागद पोचला." मग कागद उलगडल्याचा आवाज आला. "त्या चौदा नंबरला पायऱ्या दोन म्हणता."

"दोन. दुसरी उंच आहे. पण भिंतीला धरायला दांडा आहे."

"कडी आतून ना?"

"आतून. मी स्वतः लावून बघितली."

"घरातल्या बाईंना त्रास नाही ना व्हायचा?"

मामाला वाटलं, आजी बाइंडिंगवाल्या बाईंबद्दल विचारतायत. "छे हो. त्या म्हणाल्या, खुशाल या."

"हं," आजी म्हणाल्या. "आमच्याकडचे सगळे मला राजवाड्याचे फोटो दाखवतात. गुडघ्याला लावायचं तेल पाठवतात. हे असलं कोणी लिहिलं नव्हतं." आणि निरोप न घेताच फोन ठेवला.

त्या रात्री जावयांचा मेसेज आला. आजी बॅग भरते आहे.

ठरल्याप्रमाणे बत्तीस माणसं लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आली, आणि तेहतिसाव्या आजी. बाकीचे ताईचं पान हातात घेऊन राजवाड्याकडे गेले. आजींनी जाहीर केलं, की आपण आपल्या आपण सभागृहापर्यंत चालत जाणार. "उद्या साडी सांभाळू का रस्ता बघू? आज एकदा जाऊन येते." नातू बरोबर निघाला, त्याला हाताने परत बसवलं. ताईकडे बघितलं, तशी ताईही बसली. मामा तेव्हा सभागृहात खुर्च्या लावून घेत होता. त्याला फोनवर कळलं तसा तो खाली यायला निघाला, पण मामीने अडवलं. "मागे मागे जाऊ नका. त्यांना ते आवडलं असतं, तर नातवाला नसतं का नेलं?"

साडेदहाला आजी निघाल्या होत्या. साडेअकरा वाजले, बारा वाजले. मामाने एकच ओळ तीनदा लावली. सव्वाबाराला मामी स्वतःच म्हणाली, "जा आता."

मधल्या वेळात काय झालं, ते बाइंडिंगवाल्या बाईंनी आम्हाला नंतर सांगितलं, आणि त्या सांगताना आजी मध्ये मध्ये दुरुस्त्या करत होत्या.

घर नंबर तीन, शिंप्याच्या बाकावर आजी नुसत्याच बसून गेल्या. गरज नव्हती. चौदा नंबरपाशी येईपर्यंत मात्र होती. दोन पायऱ्या चढून त्यांनी दार ठोठावलं. आत एक लांबलचक खोली, भिंतीपर्यंत कागदाचे गठ्ठे, खळीचा आंबूस वास. बाइंडिंगवाल्या बाई कोपरापर्यंत हात माखून पुस्तकाला कापड चढवत होत्या. आजी उद्या येणार म्हणून त्यांना माहीत होतं. आज कोणी येईल हे डोक्यातच नव्हतं.

"कुमारी शांता आहेत का?" आजींनी विचारलं.

"कोण?"

"कुमारी शांता. इथे राहतात ना?"

"नाही हो. इथे मी एकटीच. शांता कोणी नाही."

आजी म्हणाल्या, "बरं." ज्या माणसाकडे जायचं ते माणूसच नाही, तर आपलं काम काय सांगणार? त्या वळल्या. आणि तिथेच थांबल्या, कारण टेबलाखालून एक म्हातारं करड्या रंगाचं कुत्रं निघालं, सावकाश आलं, त्यांच्या चपलेचा वास घेतला, आणि त्यांच्या दोन्ही पायांवर अंग टाकून झोपलं.

"हाकला ना त्याला," आजी म्हणाल्या. त्यांना भलतीच घाई झाली होती, आणि ती चेहऱ्यावर दिसू नये म्हणूनही त्यांची शक्ती खर्ची पडत होती.

"उठणार नाही आता तो. तुम्हाला पाठवलं कोणी?"

आजींनी कागद पुढे केला. बाईंचे हात खळीचे, म्हणून त्यांनी मान पुढे काढून तो आजींच्या हातातच वाचला. पायऱ्या दोन, दुसरी उंच. डावीकडे. कडी लागते. कु. शांता. त्या एकदम टेबलाला टेकल्या.

"अहो, हे तर मीटरकाकांचं! पावतीवर असतं ना दर वेळी. कु. शांत, कु. शांत! कु. म्हणजे कुत्रा हो, आजी!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या पायावर निजलीय ना, तीच कुमारी. आणि कुमारी कसली, हा बाप्या आहे!"

आजी खाली बघायला लागल्या. कुत्र्याने एक डोळा उघडून मिटला. आणि आजींना हसू आलं. आधी नाकातून, मग खांद्यातून, मग आवरेना. त्यांनी दाराची चौकट घट्ट धरली.

"हसवू नका," त्या कशाबशा म्हणाल्या, "हसवू नका हो बाई, आधी मला आत जाऊ द्या!"

बाई सांगत होत्या, दोघींनी मिळून कुत्र्याला ओढलं आणि आजी डावीकडे धावल्या. "धावले नाही," आजी म्हणाल्या, "चालले. पण भरभर."

मामा धापा टाकत पोचला तेव्हा आजी टेबलाशी बसल्या होत्या. पुढ्यात चहाचा रिकामा कप, शेजारी दुसरा अर्धा. बाईंनी दिलेल्या चपट्या पट्टीने त्या छापील कागदांच्या घड्या दाबत होत्या. त्यांना वेळेचं भान नव्हतं. मामाला बघून म्हणाल्या, "या व्याहीबुवा. तुमच्या शांताबाईंची भेट झाली. फार मायाळू आहेत. कमी बोलतात."

मामाला काही कळेना. त्याने कागद घेतला, वाचला, आणि त्याचे कान लाल झाले. "हा काना माझा नाही," तो म्हणाला.

संध्याकाळी सगळ्यांसमोर ते निघालंच. ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी डॉक्टरांची अक्षरं वाचते हो, आजी!"

"तरीच," आजी म्हणाल्या. "तरीच लोक औषध घेतात आणि पुन्हा डॉक्टरकडे जातात."

ताई हात बाजूला करून त्यांच्या जवळ गेली. "तुम्हाला तसंच परत फिरावं लागलं असतं. माझ्यामुळे." आजूबाजूला माणसं होती, म्हणून ती पुढचं हळू म्हणाली. "चुकलं माझं."

"परत नाही फिरले ना पण? तू नुसतं 'कुत्रा शांत आहे' लिहिलं असतंस, तर मी त्या दारापाशी एवढी थांबले नसते. कुत्र्यांना घाबरते मी." आजींनी तिच्या हातावर हात ठेवला, तो थोडा वेळ तिथेच राहू दिला. मग पिशवीतून चष्मा काढला आणि तो कागद मांडीवर पसरला. "आता बस इथे. यातल्या चुका सांगते, लिहून घे. तीन नंबरच्या बाकावर अकरा वाजताच ऊन येतं, तुझ्या बाबांनी साडेअकरा लिहिलंय. आणि चौदा नंबरची दुसरी पायरी उंच नाही. पहिलीच बसकी आहे."

मामा शेजारी उभा राहून ऐकत होता. पायरीबद्दल त्याला वाद घालायचा होता, पण त्याने घातला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी साडी नेसून, तोच कागद चतकोर घडी करून कमरेला खोचून, सभागृहात सगळ्यांच्या आधी हजर होत्या. येताना बाइंडिंगवाल्या बाईंना घेऊन आल्या. नवऱ्यामुलाने आजीला पहिल्या रांगेत बसलेलं बघितलं, तेव्हा त्याच्या तोंडून नुसता श्वास सुटला. सह्या झाल्या. ताईने सही करून त्याच्याकडे बघितलं, तर तो तिच्याकडेच बघत होता. जेवताना आजींनी पाणी मागितलं, परत मागितलं. त्यांच्याकडच्या आणखी दोन वयस्कर बायका हळूच ताईपाशी आल्या आणि म्हणाल्या, "आजींकडे तो कागद आहे म्हणे… आम्हालाही एक मिळेल का?" ताई ग्रंथालयात खाली जाऊन सात प्रती काढून घेऊन आली.

पाहुणे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी निघणार होते. त्या सकाळी मामा अंगणात दात घासत होता, तर फाटकात आजी.

"व्याहीबुवा, नदीपलीकडे काय आहे?"

मामाने चूळ भरली. "पलीकडचा वॉर्ड माझ्याकडे कधी नव्हता, आजी."

"म्हणजे?"

"म्हणजे बागा आहेत, जुने घाट आहेत, असं म्हणतात. पण तिकडची सोय मला माहीत नाही."

"मग बघून येऊ की."

मामीने दोघांना चहा दिला. आजींनी दुसरा कप मागून घेतला, म्हणून मामानेही घेतला. मग ते पूल ओलांडून गेले. आजी दर वीस पावलांवर थांबायच्या, कठड्याला टेकायच्या, पाण्याकडे बघायच्या. मामाने सांगितलं ते असं, की त्यानेही तिथूनच पहिल्यांदा आपला काठ नीट बघितला. ओळीने उभी घरं, वर गच्च्या, खिडक्या, एका खिडकीत उन्हाला टाकलेली उशी. त्याला त्यातलं एकही घर ओळखू येईना. "वरून असं दिसतं होय हे," तो म्हणाला.

पलीकडे ते बागेतून फिरले, घाटाच्या माथ्यावर बसले. तास गेला. दोघंही जागच्या जागी चुळबुळ करू लागले. शेवटी आजी उठल्या, मामाही उठला, आणि दोघं काही न ठरवता पहिल्या गल्लीत शिरले. एका दारापाशी मामा थांबला. बेल होती. त्याने बोट ठेवलं आणि काढलं. अंगावर खात्याचा शर्ट नाही, हातात यंत्र नाही. या दाराचा शेरा त्याला ठाऊक नव्हता. त्याने पुन्हा बोट ठेवलं आणि दाबलं.

दार एका बाईंनी उघडलं. हातात झाडू होता. "काय हवंय?"

"नमस्कार," मामा म्हणाला. "आम्ही पलीकडून… म्हणजे मी तिकडचे मीटर… पाण्याचं जरा…"

आजींनी त्याला कोपराने बाजूला केलं आणि पायरीवर चढल्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "आम्हाला दोघांनाही जरा आत जायचंय."